मदत हवी आहे: नवरा-बायकोचे स्वभाव आणि समाधान, घरगुती सर्वेक्षणाचा डेटा कसा वापरावा?

लहेरीपुरा
नमस्कार मंडळी. बडोद्याला एम.ए. मानसशास्त्राचा लघुप्रबंध चालू आहे. प्रश्न साधा: नवरा-बायकोचे स्वभाव सारखे असले तर दोघं जास्त समाधानी असतात का? दांडिया बाजार, रावपुरा आणि वाडीतल्या ६० मराठी जोडप्यांकडून ‘बिग फाइव्ह’ची (बहिर्मुखता, मनमिळाऊपणा, कामातला चोखपणा, भावनिक अस्थिरता आणि नव्याची ओढ या पाच स्वभावगुणांची) १५ आणि जीवनसमाधानाची ५ विधानं भरून घ्यायची, दोघांच्या गुणांतला फरक काढायचा आणि त्याचा समाधानाशी सहसंबंध बघायचा, अशी योजना होती. मार्गदर्शक म्हणतात, ६० जोडप्यांत काही हाती लागणार नाही, तयार डेटा घ्या. कोणता घ्यावा? भारतातला चालेल का? आणि एकाच घरातली दोन माणसं फाइलमध्ये जोडायची कशी? संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरपैकी स्टाटा येतं, आर जेमतेम. मुदत चार महिने.

आकडेमोड
मार्गदर्शकांचं ऐका. जर्मनी, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या पॅनेल सर्वेक्षणांवर (त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारणारी सर्वेक्षणं) २०१० साली नेमका हाच प्रश्न तपासला गेलाय. नात्यातल्या समाधानाच्या व्हेरिअन्सपैकी (माणसामाणसांतल्या चढउतारापैकी) सुमारे ६ टक्के भाग स्वतःच्या स्वभावाच्या खात्यावर गेला, १ ते ३ टक्के जोडीदाराच्या. हे दोन्ही धरल्यावर साम्याच्या वाट्याला अर्धा टक्काही उरला नाही. (छत्तीस गुण जुळवणाऱ्यांनी मनावर घेऊ नये.)

आता हिशोब करा. १ टक्का म्हणजे सहसंबंध ०.१ (त्याचा वर्ग ०.०१). तो ५ टक्के सार्थकतेच्या पातळीवर, ८० टक्के खात्रीने पकडायला साधारण ७८० जोडपी लागतात. अर्ध्या टक्क्याला त्याच्या दुप्पट. ६० जोडप्यांत ०.३५ च्या आसपासचाच सहसंबंध भरवशाने दिसतो. म्हणजे ‘संबंध आढळला नाही’ हे उत्तर प्रश्नावली छापायच्या आधीच ठरलेलं आहे.

पानवठा
भारतातल्या डेटाबद्दल. आयएचडीएस (भारतीय मानव विकास सर्वेक्षण) छान आहे, २००४-०५ आणि २०११-१२ च्या फेऱ्या, दुसऱ्या फेरीत ४२ हजारांवर घरं, नोंदणी करून फुकट उतरवता येतो. लग्नाआधी नवऱ्याला भेटलात का, घरातले निर्णय कोण घेतं, असे प्रश्न विवाहित बायकांना विचारलेत. पण ‘बिग फाइव्ह’ त्यात नाही. एनएफएचएसमध्येही (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) नाही. लासी हे भारतातल्या वृद्धत्वाचं सर्वेक्षण, ४५ वर्षांवरच्यांचं आणि त्यांच्या जोडीदारांचं (जोडीदाराला वयाची अट नाही). त्याच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत जीवनसमाधानाची तीच ५ विधानं आहेत जी तुम्ही धरली आहेत, सात अंशी, बेरीज ५ ते ३५. स्वभाव मात्र तिथेही नाही. तेव्हा स्वभाव हवा असेल तर परदेशी पॅनेल, भारत हवा असेल तर प्रश्न बदला.

सुरसागर
चार महिन्यांत ब्रिटनचं ‘अंडरस्टँडिंग सोसायटी’ जमेल. ‘बिग फाइव्ह’ तिसऱ्या फेरीत (२०११-१२) आहे, नोंदणी केली की बिगरव्यापारी कामाला फुकट मिळतं. जर्मनीचं पॅनेल सर्वेक्षण सोएप १९८४ पासून चालू आहे, स्वभाव २००५, २००९, २०१३, २०१७ असा पुन्हा पुन्हा मोजलाय, पण संस्थेच्या सहीचा करार लागतो. विद्यापीठाच्या कचेरीतून ती सही मिळायला किती दिवस लागतात ते तुम्हीच जाणा. ऑस्ट्रेलियाचं हिल्डा तुमच्या प्रश्नाला खरं तर सर्वांत जवळचं, जोडीदाराबद्दलचं समाधान ० ते १० अंशांवर विचारतात. करार तिथेही आहेच.

जोडणी अशी. तिसऱ्या फेरीची व्यक्तींची फाइल उघडा. पीआयडीपी हा माणसाचा कायमचा क्रमांक, पीपीआयडी हा जोडीदाराचा. पीपीआयडी ऋण असेल ते टाकून द्या, त्यांना घरात जोडीदार नाही. उरलेल्या फाइलची प्रत काढा, तिच्यातल्या सगळ्या चलांच्या (रकान्यांच्या) नावाआधी ‘जो_’ लावा, पीआयडीपीचं नाव बदलून पीपीआयडी करा आणि मूळ फाइलला एकास एक मर्ज करा (जोडा). आता प्रत्येक जोडपं दोनदा येईल, म्हणून नवरा असलेलीच ओळ ठेवा. पीपीआयडीत लग्नाशिवाय एकत्र राहणारेही येतात. नकोत तर वैवाहिक स्थितीने गाळा, पण ते प्रबंधात लिहा.

इथे हमखास फसगत होते ती अशी: स्टाटात नवं चल बनवताना काही सांगितलं नाही तर ते फ्लोट (कमी जागेत आकडा साठवणारा प्रकार) होतं, आणि फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ च्या पुढचे पूर्णांक नेमके राहत नाहीत. पीआयडीपी त्याहून मोठे आहेत. शेवटचा अंक गुपचूप बदलतो, भलत्याच माणसांची लग्नं लागतात आणि मर्ज तरीही तक्रार करत नाही. चल बनवताना लाँग किंवा डबल हा प्रकार सांगा. नंतर तपासा: प्रत्येक जोडीचा घरक्रमांक एक आहे का, ‘अ’चा जोडीदार ‘ब’ तर ‘ब’चा ‘अ’ आहे का.

सरासरी काढण्याआधी ऋण संकेत काढा. −९ गहाळ, −८ लागू नाही, −७ दुसऱ्याने दिलेलं उत्तर, −२ नकार, −१ माहीत नाही. एक −८ शिरला की सातापैकी पाच गुणांच्या माणसाचा स्वभाव पार उतरतो.

लहेरीपुरा
एवढं नेमकं सांगितल्याबद्दल आभार सुरसागर. साम्यासाठी दोघांच्या गुणांतला फरक घेतला तर चालेल ना? की पाचही स्वभावगुणांचा मिळून दोघांतला सहसंबंध काढू?

आकडेमोड
दोन्हींत खड्डा आहे.

नुसता फरक घेतलात तर त्यात दोघांचे मूळ गुण लपलेले असतात. समजा बहुतेक नवरे भावनिकदृष्ट्या स्थिर आहेत. मग ज्या घरात फरक मोठा, त्या घरात बहुधा बायकोची अस्थिरता जास्त. समाधान कमी दिसलं तर ते फरकामुळे की अस्थिरतेमुळे? म्हणून रिग्रेशनमध्ये स्वतःचा गुण, जोडीदाराचा गुण आणि मग दोघांचा गुणाकार, या क्रमाने घाला. वर्ग पदंही (प्रत्येक गुणाचा वर्ग) घाला, नाहीतर वक्ररेषेचा परिणाम गुणाकाराच्या नावावर जातो. गुण आधी नमुन्याच्या सरासरीभोवती आणा, पुरुषांची आणि बायकांची सरासरी वेगळी न धरता एकच. नवऱ्याचं आणि बायकोचं समाधान ही दोन स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. दोन समीकरणं एकत्र सोडवा (स्टाटात एसईएम या आज्ञेने होतं), चुका एकमेकींशी जोडलेल्या ठेवा.

पाच गुणांच्या नक्षीचा सहसंबंध आणखी फसवा. जवळपास प्रत्येकजण स्वतःला मनमिळाऊ आणि कामाला चोख म्हणवतो, त्यामुळे कुठलीही दोन अनोळखी माणसं सारखीच दिसतात. आधी प्रत्येक विधानाची सरासरी वजा करा. नंतर बायकांची यादी फिरवून खोटी जोडपी बनवा आणि त्यांचं साम्य किती येतं ते बघा. खऱ्या जोडप्यांचं त्याहून जेवढं जास्त, तेवढंच तुमचं.

आणि ‘फिक्स्ड इफेक्ट लावा’ (म्हणजे माणसाची फक्त त्याच्याच आधीच्या वर्षांशी तुलना करा) असं कुणीतरी सांगेलच. स्वभाव वर्षानुवर्षं जवळपास तोच राहतो, फिक्स्ड इफेक्ट त्यालाच पुसून टाकतो.

लहेरीपुरा
मग बडोद्याचा भाग काढूनच टाकू?

पानवठा
काढू नका, काम बदला. मुख्य विश्लेषण ब्रिटनच्या डेटावर, आणि बडोद्यात २०-२५ जणांबरोबर फक्त विधानं तपासा: वाचून दाखवा आणि ‘यातून तुम्हाला काय समजलं’ ते विचारा. १५ विधानांत चार उलट आहेत, म्हणजे ‘हो’ म्हटलं की त्या गुणाची बेरीज घटते (उद्धट, आळशी, मितभाषी, शांत), आणि सगळ्याला ‘हो’ म्हणणारा माणूस तिथेच पकडला जातो. नकारार्थी वाक्य टाळा. ‘मी सहजासहजी घाबरत नाही’ याला ‘नाही’ म्हणणाऱ्याचा अर्थ घाबरतो की घाबरत नाही, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. ‘मितभाषी’ हा इकडे दुर्गुण नाही, घरंदाज सुनेचा गुण आहे, त्यामुळे ते विधान बहिर्मुखतेऐवजी संस्कार मोजेल. पर्याय म्हणून ‘चारचौघांत गप्प राहतो/राहते’ वापरून बघा. बडोद्यात तिसरी पिढी राहणाऱ्या मराठी घरांत गुजराती प्रतही जवळ ठेवा.

‘घर’ म्हणजे काय तेही आधी ठरवा. आयएचडीएस-लासीसारखं ‘एका चुलीवर जेवणारे’ धरलंत तर वाडीतल्या एकाच वाड्यात तीन घरं निघतील.

नवरा-बायकोला वेगळं बसवा. सासूबाई त्याच खोलीत असतील तर तसा रकाना ठेवून टीप करा, समाधानाची उत्तरं तेवढ्यानेही बदलतात.