अनुभव धागा : कयाकने जलाशयात दोन-तीन मुक्काम

खाडीकाठ

मंडळी, थंडी तोंडावर आली की दर वर्षी हाच प्रश्न येतो. मुंबईहून निघायचं, दोन-तीन दिवस कयाकने (वल्ह्याची निमुळती छोटी होडी) तलावात फिरायचं, रात्री काठावर तंबू टाकायचा. तर कुठे आणि कसं? ज्यांना यातलं कळतं त्यांनी इथे लिहा. किस्से नकोत, ते ट्रेकच्या धाग्यावर पोत्याने आहेत. मापं, वजनं, काय बिघडतं आणि का, एवढंच.

सुरुवात करतो. मुंबईला पाणी पाजणारे तलाव आधी यादीतून काढा. तानसा, मोडकसागर, भातसा, विहार, तुळशी : तिथे स्वतःची होडी घालायचा विचारही नको. पवईचं पाणी पीत नाहीत, पण तिथे मगरी आहेत. उरतात भंडारदरा, कोयनेचा शिवसागर, पवना, मुळशी. पवन्याला शनिवार-रविवार तंबूवाल्यांचे स्पीकर रात्री उशिरापर्यंत चालू असतात, जायचंच तर मधल्या वारी जा. मुळशीचं धरण टाटांचं आणि काठ बराचसा खासगी, उतरायला जागा मिळणंच कठीण. म्हणजे खरी निवड भंडारदरा की कोयना एवढीच.

परवानगीचं लोक उलट्या टोकाने धरतात. आधी कयाक बुक करतात, मग विचारतात. पाणी जलसंपदा खात्याचं, काठ वनखात्याचा नाहीतर गावाचा, आणि शेताचा तुकडा कोणाच्या तरी मालकीचा. धरणाच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज, वनहद्द असेल तिथे वनपरिक्षेत्र कार्यालय, आणि मुक्कामाच्या गावात पोलीस पाटलांना आदल्या दिवशी फोन. तिसरी गोष्ट कागदावर कुठेच नसते, पण रात्री काठावर बॅटऱ्या दिसल्या की गावकरी आधी त्यांनाच विचारतात.

घाटमाथा

शिवसागराबद्दल. नकाशावर पाहा, पाणी उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलंय. तापोळा, बामणोली ही गावं पूर्वेच्या अंगाला, वासोट्याचं जंगल पश्चिमेला. सकाळी साडेदहा-अकरापर्यंत पाणी शांत असतं, दुपारी पश्चिमेचा वारा उठतो. म्हणजे आडोसा मिळतो तो पश्चिम काठाखाली, आणि तिथेच उतरता येत नाही! तो सगळा कोयना अभयारण्याचा आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा पट्टा. वासोटा चढायलाही वनखात्याचा पास लागतो आणि आत मुक्काम नाहीच. उलट मुक्कामाच्या पूर्व काठावर अख्ख्या पात्राची रुंदी ओलांडून आलेल्या लाटा आपटतात. भरलेली कयाक अशा वेळी काठाला लावताना आडवी होते, आणि माणूस उलटतो तो बहुतेक वेळा इथेच, गुडघाभर पाण्यात.

म्हणून हिशेब असा. सामान भरलेल्या कयाकचा वेग ताशी ४ किमी धरा, समोरून वारा आला की २. दिवसाला १० ते १२ किमी, त्याहून जास्त नाही. पावणेसातला पाण्यात, साडेअकराच्या आत काठावर. राहिलेली दुपार झोपा. प्रत्येक टप्प्यात मध्येच उतरता येईल अशी एक जागा, जिथून गाडीरस्ता जवळ आहे, आधीच ठरवून ठेवा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका, ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या.

आणखी एक, कोळ्यांची जाळी. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की मधून घुसू नका, टोकाला वळसा घाला. कयाकच्या मागचं पातं (सुकाणू) अडकलंच तर वल्ही थांबवा, पातं वर घ्या आणि जाळं हाताने खाली दाबून सोडवा. सुरी चालवू नका. कोणाच्या तरी पोटावर पाय येतो, आणि पुढच्या मुक्कामाला त्याच गावात पाणी मागायचंय.

पंप आणि पॅच

मुंबईच्या फ्लॅटमध्ये चार मीटरची कडक कयाक ठेवायची कुठे, हा पहिला प्रश्न. सोसायटी गच्चीवर ठेवू देत असेल तर नशीबवान आहात. बाकीच्यांसाठी हवेची. पण स्वस्त, खेळण्यातली नको. तीन वेगळे हवेचे कप्पे आणि हवा भरून कडक होणारा तळ असलेलीच घ्या. बाजूच्या नळ्यांना साधारण दीड-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि तळाला सहा ते दहा लागतं. नेमका आकडा झडपेजवळ छापलेला असतो, तोच खरा.

बिघडतं काय? एक, झडपेत वाळूचा कण. रात्री हळूहळू हवा जाते आणि सगळे भोक शोधत बसतात. आधी झडप उघडून ओल्या फडक्याने पुसा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. दोन, सकाळच्या गारव्यात टम्म भरलेली कयाक दुपारी उन्हात काठावर सोडली तर आतली हवा फुगते आणि शिवण सुटते. काठावर आलात की थोडी हवा सोडा, पाण्यात जाताना पुन्हा भरा. तीन, ठिगळ. गोंद पीव्हीसीचाच हवा. जागा सँडपेपरने खरवडून स्पिरिटने पुसा, दोन्ही बाजूंना पातळ थर, चिकट झाला की दाबा. पूर्ण पकड यायला २४ तास, त्यामुळे मुक्कामावर तात्पुरती दुरुस्ती टेपनेच.

आणि परतल्यावर ओली घडी घालून पलंगाखाली सरकवू नका. मुंबईच्या हवेत आठवड्यात बुरशी.

एक वल्हं

पंपवाल्यांशी अर्धाच सहमत. वाऱ्यात हवेची कयाक पानासारखी वाहत जाते, शिवसागरासाठी कडकच बरी. भंडारदऱ्याला हवेची चालेल.

भरण्याचं सांगतो. कयाकवर लिहिलेल्या क्षमतेच्या तीन चतुर्थांशांपुढे जाऊ नका, माणूस धरून. क्षमता १५० किलो असेल तर ११०. ७० किलोचा माणूस, ८ लिटर पाणी, म्हणजे तंबू-शिधा-कपड्यांना ३२ किलोच उरतात. पाणी आणि शिधा तळाशी, बसण्याच्या जागेला अगदी लागून. तंबू, स्लीपिंग बॅग टोकांकडे. मागचा भाग बोटभर जास्त बुडलेला चालतो. पुढचा बुडला तर कयाक सरळ जात नाही. ४० लिटरची एक मोठी ड्राय बॅग (पाणी न शिरणारी पिशवी) घेण्यापेक्षा १० लिटरच्या चार घ्या. मोठी कयाकच्या झाकणातून आत जात नाही, आणि एक गळली तर सगळंच भिजतं. तोंडाला तीन पूर्ण घड्या, त्याआधी हवा दाबून काढायची.

लाइफ जॅकेट अंगावर, मागे बांधलेलं नाही. त्याला शिट्टी. गटात एक जादा वल्हं, १५ मीटर तरंगणारी दोरी, पाणी उपसायचा पंप. भरलेल्या कयाकमधून मुद्दाम उलटून परत चढायचा सराव छातीभर पाण्यात घरून निघण्याआधी करा. रिकामीचा सराव कामाचा नाही, भरलेली सरळ करायला दुसरा माणूस लागतो.

दशमी

खाण्याचं कोणी लिहीत नाही म्हणून. पोळ्या दुसऱ्या दिवशी वास मारतात. दुधात भिजवलेल्या दशम्या थंडीत दोन दिवस सहज टिकतात, सोबत कोरडी लसणाची चटणी. रात्री मेतकूट-भात नाहीतर मुगाची खिचडी, दोन लिटरच्या कुकरमध्ये. कुकरने गॅस निम्म्याने वाचतो. दोघांना २३० ग्रॅमचा डबा दोन दिवस पुरतो. हा डबा रेल्वेने नेता येत नाही, तेव्हा भंडारदऱ्यासाठी कसाऱ्यापर्यंत लोकलने जाणाऱ्यांनी चहा-जेवण गावातच ठरवावं. तलावाचं पाणी गाळून, मग खळखळून उकळून. काठापासून किमान सत्तर पावलं दूर, वीतभर खड्डा करून, मगच बाकीचे विधी. खालच्या गावांचं ते पिण्याचं पाणी आहे.

खाडीकाठ

दशमीताई, शेवटचं वाक्य धाग्याच्या माथ्यावर डकवायला हवं. घाटमाथा, भंडारदऱ्याला फेब्रुवारीत गेलं तर चालेल का?

घाटमाथा

चालेल, पण आवर्तन (शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी) कधी आहे ते शेंडी गावात धरणाच्या कार्यालयात विचारा. जलाशय ११ टीएमसीचाच (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). शेतीसाठी पाणी सुटलं की पातळी उतरते आणि काठाला गाळ उघडा पडतो. वरून भेगा पडलेला, कडक दिसतो, खाली लोणी. पाय टाकण्याआधी वल्ह्याचं पातं दाबून बघा : चार बोटांपेक्षा जास्त गेलं तर तिथे उतरू नका, मुरमाड काठ शोधा. रतनवाडीच्या टोकाला पाणी उथळ, तिथे हा त्रास सगळ्यात आधी सुरू होतो. तो भाग अभयारण्यात येतो, शेकोटी नाही.

उतरत्या पाण्यात रात्री कयाक वाहून जात नाही, पण वारा उलटवतो. पालथी घालून दोन्ही टोकं बांधा, वल्ही तंबूत.