हिवाळ्यात लाइट बिल डबल होतंय, गिझरचं काय करू?

गोदाकाठ
घरात आम्ही पाच जण, सासू-सासरे धरून. ऑक्टोबरात ९५-१०० युनिट पडतात आणि डिसेंबर-जानेवारीत डायरेक्ट १८०-१९०, ते पण फॅन कूलर सगळं बंद असताना. वाढलंय ते फक्त गिझर. २५ लिटरचा आहे, जुना, पहाटे पाचला सासरे बटण दाबतात ते मी डबे उरकून नऊला बंद करते तोपर्यंत चालूच असतो. शेजारच्या काकू म्हणतात १०० च्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळ्या युनिटला वरचा रेट लागतो, खरंय का? गॅस गिझर घेऊ, रॉड लावू की सरळ गॅसवर पातेलं ठेवू? सोलर सुचवू नका प्लीज, गच्ची सोसायटीची आहे आणि त्यावरून आधीच भांडणं चालू आहेत.

फ्यूज_उडाला
काकूंचं चुकतंय. महावितरणचे घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे असे आहेत आणि वरचा रेट फक्त वरच्या युनिटांना लागतो, पहिले १०० स्वस्तातच राहतात. पण दुसऱ्या टप्प्याचा रेट पहिल्याच्या जवळपास दुप्पट, त्यात वहन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे बारा रुपये युनिट धरून चाला. आणि तुमचं गिझरचं बहुतेक युनिट याच टप्प्यात जातंय.

आता गंमत बघा, २० लिटरची बादली १८ डिग्रीवरून ४० ला न्यायला साधारण अर्धा युनिट लागतं, मग गिझर असो नाहीतर रॉड, पाण्याला तेवढी उष्णता द्यावीच लागते. पाच बादल्या म्हणजे रोज अडीच युनिट, महिन्याचे ७५. तुमचे वाढलेत ८०-९०. मग पाच ते नऊ चालू राहतो म्हणून सासऱ्यांशी वाद घालू नका, पाणी तापलं की थर्मोस्टॅट आपोआप कट करतो, त्या चार तासात फुकट जाणारं फार नसतं. दिवसभर विसरलात तर मात्र जुन्या गिझरला रोजचं युनिटभर जाऊ शकतं. पाच स्टार, तीन स्टार जे असतं ते मुख्यतः या थंड होण्यातल्या लॉसवर असतं, त्यामुळे लगेच नवीन घ्यायला धावू नका.

बरं, शॉवर कोण घेतं घरात?

गोदाकाठ
मुलगा 😐 कॉलेजला आहे, दार वाजवल्याशिवाय बाहेर येत नाही.

फ्यूज_उडाला
सापडला की! साधा शॉवर मिनिटाला ८-१० लिटर सोडतो, दहा मिनिटं म्हणजे चार-पाच बादल्या. बाकी चौघांचं मिळून जेवढं, तेवढं त्याच्या एकट्याचं.

रंकाळा_कट्टा
आमच्याकडं गावाकडं अजून तांब्याचा बंब आहे, चिपाडं घालायची, सगळ्यांच्या अंघोळी होऊन पाणी उरतंय. फ्लॅटमध्ये धूर केला तर सोसायटी नोटीस काढंल ते वेगळं 😂

गॅसचं सांगतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अंदाजे १८० युनिटची उष्णता असते. गॅस गिझर त्यातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाण्यात घालतो, शेगडीवरचं पातेलं जेमतेम अर्धी, बाकी ओट्याला ऊब. म्हणजे तुमच्या बाराच्या रेटपुढं गॅस गिझर बऱ्यापैकी स्वस्त पडतो, पातेल्यात तेवढा फायदा नाही, वर उकळतं पाणी घेऊन बाथरूमपर्यंत जायचं, म्हातारी माणसं घरात असताना कशाला.

आडगाव_नाका
गॅस गिझर बंद बाथरूममध्ये अजिबात लावू नका!! कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस आतच बेशुद्ध पडतो, दर हिवाळ्यात पेपरात अशी बातमी असते. लावायचा तर बाहेर ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत, पाइप आत आणायचा. जागा नसेल तर विषय सोडा.

अजून एक, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी पहाटे बर्फ असतं पण दुपारी बरंच कोमट होतं. आमच्याकडे ज्यांना सकाळची घाई नाही ते दुपारी उरकतात, पाणी निम्मंच तापवावं लागतं. निफाडात पारा पाचावर असताना पहाटे पाचला अंघोळ करायचा हट्ट ज्याचा त्याचा.

गोदाकाठ
सासरे ऐकणार नाहीत, देवपूजा असते. सासूबाई तयार होतील दुपारी. बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे त्यामुळे गॅस गिझर कॅन्सल. मुलाचा शॉवर बंद, बादली ठेवते. थर्मोस्टॅट किती ठेवू, आता फुल आहे. आणि ते मोबाइलवरचं टायमरवालं प्लग घेऊ का?

फ्यूज_उडाला
५५ च्या आसपास ठेवा, बादलीत गार पाणी मिसळतोच आपण. टायमर घ्यायचा तर १६ अँपिअरचाच, मोबाइल चार्जरवाला छोटा घेतला तर २ किलोवॅटला वितळेल. आणि बोअरचं पाणी असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून कॉइलवरचा क्षार एकदा काढून घ्या. बिल फारसं कमी होणार नाही त्याने, पण कॉइल लवकर जळणार नाही.