मोजा नाचवून कोडिंग येतं म्हणे!

खडूवाला, अंबाजोगाई: काल इथं एकानं लिहिलं, "कंप्युटर नसला तरी अडत नाही, बाहुल्या आणि गोष्टींतून पोरांना कोडिंग शिकवा." डोकंच फिरलं. आमच्या शाळेत एकच कंप्युटर, तो पण कपाटात. आधी तो बाहेर काढा म्हणून भांडायचं सोडून हातात मोजा घालून नाचायचं? शहरातल्या पोराला लॅपटॉप, आमच्या लेकरांना गोष्ट!

गोदाकाठ: 'एकानं' नाही, एकीनं. मीच ती. सर, पोरांना प्रोग्रामिंग शिकवायला केलेल्या १९६७ च्या लोगो या कंप्युटर भाषेचं कासव पण आधी जमिनीवर फिरणारं यंत्र होतं, पडद्यावर नंतर आलं. मी चौथीत मोज्याला दोन बटणं शिवून बंड्या केला. सांगितलं तेवढंच करणार, हा नियम. पोरं ओरडली, "पुढं चल!" बंड्या चालला तो टेबलावरून खाली. मागच्या बाकावरली पोरगी म्हणते, "बाई, थांबायचं कवा ते सांगितलंच नाही की." लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची आज्ञा, आणि ती कधी थांबवायची ही तिची अट; मला ती कॉलेजात गेल्यावर कळली होती.

परभणीकर: मुद्दा थोडा बाजूचा, पण कळसूत्री बाहुल्या कोकणातल्या, पिंगुळीच्या. आपला गोंधळ कुठं गेला? नाईक कथा लावतो, साथीदार मधीच आडवे प्रश्न टाकतो. एक पायरी गाळू देत नाही.

खडूवाला: म्हणजे आता संबळ वाजवून फंक्शन?

परभणीकर: संबळाला हसू नका! आमच्या घरी लग्नानंतर रात्रभर गोंधळ असायचा. आज्जा दिवटीत तेल घालत बसायचा. परवा पुतण्याच्या लग्नात गोंधळ्यांना अर्ध्या तासात उठवलं, का तर डीजेवाला खोळंबला. तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्यांनीच हे केलं.

खडूवाला: मी केलं? तुमच्या पुतण्याच्या लग्नाचं आवतण तरी होतं का मला?

लातूरचा_आयटीवाला: गोंधळ आवरा आता. खरी अडचण वेगळीच. नाथांच्या भारुडातला विंचू म्हणजे काम-क्रोध, हे ऐकणाऱ्याला उमगतं. बंड्याला तर नाक-डोळे आहेत, पोरं त्याला जिताच समजणार. माझी भाची प्रोग्राम चुकला की म्हणते, "तो रुसलाय." मशीन रुसत नसतं, हे तिच्या डोक्यातून काढता काढता दिवाळीची सुट्टी संपली.

गोदाकाठ: हे मान्य. बंड्या रुसतो असं माझी पोरं पण म्हणतात. पुढच्या वेळी डोळे काढून टाकीन. पोरं रडली तर तुम्ही या समजूत काढायला.

खडूवाला: बरं, ती टेबलाची गंमत शनिवारी करून बघतो. मोजे आहेत, फाटकेच. पण ताई, कपाटाची किल्ली मोठ्या सरांच्या खिशात असते. ती काढायला बंड्याला किती पायऱ्या सांगाव्या लागतील?