मदत हवी आहे: दुबईची सीबीएसई शाळा घ्यावी की शारजाची ब्रिटिश?

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, तिकडे सहा वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. दोन वर्षं झाली, शारजात अल नहदाला राहतो. मी नवऱ्याच्या व्हिसावर आहे, मुलगा चौथीत. एका आठवड्यात दोन ऑफर आल्यात आणि गणिताच्या बाईला बेरीज जमेना झालीय.

पहिली दुबईत, अल बर्शाची सीबीएसई शाळा. ६,५०० दिरहम, पण बेसिक फक्त २,६००, बाकी सगळे अलाउन्स. एप्रिलला रुजू. दुसरी मुवैलेहची ब्रिटिश शाळा. ६,००० दिरहम, बेसिक ४,२००. रुजू ऑगस्टअखेर, म्हणजे मधले जवळपास पाच महिने घरी. ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, म्हणून दुसरीकडे मन ओढतंय.

खरा घोळ शुक्रवारचा आहे. शारजात २०२२ पासून शुक्र-शनि-रवि सुट्टी, दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस शाळा. म्हणजे मी अल बर्शात आणि पोरगं दुपारपर्यंत घरी एकटं. नवरा म्हणतो, "शेजारच्या काकूंकडे बसेल." काकूंना विचारलंय कुणी?

आणि रोजचा रस्ता. मागच्या गुरुवारी मुद्दाम पहाटे खाली उतरून बघितलं. पावणेसहाला आमच्या बिल्डिंगखाली तीन शिक्षिका डबे घेऊन शाळेच्या बसची वाट बघत होत्या. एक जण उभ्या उभ्या वह्या तपासत होती, मोबाइलच्या उजेडात. तिला विचारलं, घरी किती वाजता पोचता? हसली नुसती.

दुबईच्या ऑफरमध्ये एक कलमही आहे: दोन वर्षांच्या आत सोडलं तर 'व्हिसा व भरतीचा खर्च' परत करायचा. असं असतं का? तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं? नुसतं 'मनाचं ऐका' नको, प्लीज.

उत्तर:

ताई, आधी ग्रॅच्युइटीचं भूत उतरवू. पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, म्हणजे पाच वर्षांचे १०५ दिवस. २,६०० वर ९,१०० दिरहम होतात, ४,२०० वर १४,७००. फरक ५,६०० चा. दुबईत महिन्याचे ५०० जास्त, पाच वर्षांत ३०,०००. बेसिकसाठी शारजा घेऊ नका. घ्यायचीच तर शुक्रवारसाठी घ्या, आणि नवऱ्याला तसं स्पष्ट सांगा.

कलमाचं म्हणाल तर भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून घ्यायला २०२१ च्या कामगार कायद्यात मनाई आहे. शिवाय तुम्ही नवऱ्याच्या व्हिसावर, शाळा फक्त वर्क परमिट काढणार. मग व्हिसाचा खर्च कसला? हे एचआरला ईमेलवर विचारा, फोनवर नाही. मोहरेची, म्हणजे इथल्या कामगार मंत्रालयाची ऑफर आणि शाळेचं पत्र यांत आकडे एकच आहेत का, तेही ताडून बघा. पासपोर्ट 'जमा' करायला सांगितलं तर देऊ नका.

अजून एक. एप्रिलला रुजू झालात तर तीन महिन्यांत उन्हाळ्याची सुट्टी लागते. जुलै-ऑगस्टचा पगार पूर्ण की कापून, हे लेखी घ्या. माझा पहिल्या वर्षी कापला होता. कारण काय, तर "नव्या स्टाफला असंच असतं."

धागाकर्ती:

खूप आभार, दादा. ईमेल टाकला. दुपारी एचआरचा फोन आला, "मॅडम, ते कलम स्टँडर्ड आहे, कुणी वाचत नाही." म्हटलं, हेच वाक्य लिहून पाठवा. अजून आलेलं नाही. सुट्टीच्या पगाराचंही मोघमच बोलल्या.

मुवैलेहला कुणी शिकवतंय का इथे? सोमवार ते गुरुवार दिवस किती लांबतो, तेवढं सांगा. काकूंना मी आता विचारणार नाहीये.