डीएनए डबल झाला तरी गुणसूत्रं ४६च कशी राहतात?

कोरी_वही
सेल डिव्हिजन तिसऱ्यांदा वाचतेय आणि दर वेळी एकाच जागी अडकतेय. पेशी विभागायच्या आधी एस फेजमध्ये डीएनएची कॉपी होते, म्हणजे डीएनए डबल, इथवर ठीक. मग गुणसूत्रंपण डबल व्हायला पाहिजेत ना, ४६ ची ९२? पण पुस्तकात त्यानंतरही ४६च लिहिलंय. पुढे मियॉसिसमध्ये, म्हणजे अंडपेशी आणि शुक्राणू तयार होताना, दोनदा विभाजन होतं म्हणतात, ४६ ची २३ तर एकाच विभाजनात होतील, मग दुसरं कशाला? आणि चित्रात तो इंग्रजी एक्ससारखा आकार असतो ते एक गुणसूत्र धरायचं की दोन? पाठ करून मार्क मिळतील पण मला हे खरंच समजून घ्यायचंय, कोणीतरी नीट सांगा प्लीज.

प्रयोगवही
एक्स म्हणजे एकच. मोजताना हात मोजायचे नाहीत, मधली गाठ मोजायची, म्हणजे सेंट्रोमिअर. जितक्या गाठी तितकी गुणसूत्रं, एवढं धरून ठेवलं की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

असं समजा की कपाटात ४६ वह्या आहेत. प्रत्येक वहीची झेरॉक्स काढली आणि ती मूळ वहीलाच पिन मारून ठेवली. कागद डबल झाले, पण गठ्ठे मोजाल तर ४६च. एस फेजमध्ये नेमकं हेच होतं, मूळ आणि झेरॉक्स म्हणजे ती दोन क्रोमॅटिड, आणि एक्सचा आकार म्हणजे पिन मारलेला गठ्ठा.

आता मायटोसिसमध्ये, म्हणजे शरीर वाढताना होणाऱ्या साध्या विभाजनात, पिन निघते, मूळ एका टोकाला जाते आणि झेरॉक्स दुसऱ्या टोकाला, आणि पिन निघाल्यावर प्रत्येकीला स्वतःची गाठ आली म्हणून ॲनाफेजमध्ये (ही टोकांकडे जाण्याचीच पायरी) थोडा वेळ खरोखरच ९२ गुणसूत्रं असतात. म्हणजे तुमचा ९२ चा आकडा बरोबर आहे, फक्त तो एस फेजनंतर येत नाही, इथे येतो. मग पेशी मधून दुभंगते आणि दोन्हीकडे ४६–४६.

आणि मोजण्यात अडकलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. माणसाची गुणसूत्रं ४८ असतात असं कितीतरी वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं, कारण मायक्रोस्कोपखाली ती एकमेकांवर चढलेली दिसायची. कोल्चिसीन नावाचं रसायन देऊन विभाजन मध्येच थांबवायचं आणि पेशी पातळ द्रावणात फुगवून गुणसूत्रं मोकळी पसरवायची, असं करून त्जिओ आणि लेवान या शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये ४६ हा आकडा पक्का केला. डीएनएची रचना १९५३ मध्ये कळली होती, म्हणजे गुणसूत्रं बरोबर मोजली गेली ती त्याच्याही नंतर!

निळी_शाई
मियॉसिसचं मी असं लक्षात ठेवलंय की पहिल्या विभाजनात फक्त क्रॉसिंग ओव्हर होतं आणि संख्या दुसऱ्यात अर्धी होते. दुसरं विभाजन त्यासाठीच असतं.

प्रयोगवही
नाही हो, हे उलट झालंय, आणि बऱ्याच जणांचं इथेच उलट होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या ४६ वह्या म्हणजे २३ जोड्या आहेत, प्रत्येक जोडीत एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. विषय तोच, मजकूर थोडा थोडा वेगळा. मियॉसिसच्या पहिल्या विभाजनात पिन निघतच नाही. जोडीदार शेजारी येतात, एकमेकांची काही पानं अदलाबदल करतात (हेच क्रॉसिंग ओव्हर) आणि मग आख्खा गठ्ठा एकीकडे, आख्खा जोडीदार गठ्ठा दुसरीकडे. म्हणून इथेच ४६ चे २३ होतात. पण प्रत्येक गठ्ठ्यात अजून मूळ आणि झेरॉक्स दोन्ही आहेत, म्हणजे संख्या अर्धी झाली तरी कागद जास्तच आहेत. दुसऱ्या विभाजनात पिन निघते, गठ्ठे २३च राहतात, फक्त एकेरी होतात. त्यासाठी दुसरं विभाजन.

आणि कुठल्या जोडीतलं कोण कुठल्या बाजूला जाईल हे प्रत्येक जोडीचं स्वतंत्र ठरतं, म्हणून नुसत्या वाटपाचेच २ चा २३ वा घात, म्हणजे ८३,८८,६०८ प्रकार होतात. पानांची अदलाबदल यात धरलेलीच नाही, ती धरली तर मोजदाद सोडूनच द्यावी लागते. सख्खी भावंडं एकमेकांसारखी असून वेगळी का, ते इथे आहे.

क्रॉसिंग ओव्हरचं दुसरं काम फार कोणी सांगत नाही. ज्या जागी अदलाबदल होते तिथे जोडीदार एकमेकांत अडकून राहतात आणि म्हणूनच मधोमध नीट जोडीने उभे राहू शकतात. अडकलेच नाहीत तर चुकीच्या बाजूला जायची भीती.

निळी_शाई
ओके, म्हणजे संख्या पहिल्यात आणि झेरॉक्स दुसऱ्यात. इतकी वर्षं उलटं धरून बसलो होतो, थँक्यू.

रानवाट
मला यात एक गोष्ट लिहायचीच आहे कारण हा विषय माझ्या घरातला आहे. माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे २१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन, एकूण ४७. (हे तिसरं गुणसूत्र १९५९ मध्ये सापडलं, म्हणजे ४६ पक्के झाल्यावर तीनच वर्षांत.) बहुतेक वेळा होतं असं की अंडपेशी तयार होताना २१ ची जोडी सुटी होत नाही, दोन्ही एकाच बाजूला जातात, आणि शुक्राणूकडून तिसरं येतं.

हे समजून घ्यायला लागले तेव्हा मला कळलं की अंडपेशीतलं मियॉसिस आपण चित्रात बघतो तसं एका दमात होतच नाही. मुलगी स्वतः आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या अंडपेशींचं पहिलं विभाजन सुरू होतं आणि जोड्या अडकलेल्या अवस्थेतच थांबतं. जन्माच्या वेळी अशा थांबलेल्या पेशी दहा ते वीस लाख असतात, त्यातल्या चारएकशेच आयुष्यभरात बाहेर पडतात. पहिलं विभाजन पुरं होतं ते अंडपेशी बाहेर पडायच्या जरा आधी, म्हणजे कधी पंधरा वर्षांनी तर कधी चाळीस वर्षांनी. मग दुसरं सुरू होऊन परत थांबतं आणि शुक्राणू आत आला तरच पुरं होतं!

वर तुम्ही पिन म्हणालात, तर ती पिन म्हणजे कोहेसिन नावाची प्रथिनं. ती पोटात असतानाच लागतात आणि मग फारशी बदलली जात नाहीत असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. इतकी वर्षं धरून ठेवायचं म्हणजे सैल पडणारच, म्हणून आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते, पण कुठल्याही वयात होऊ शकतं, आमची आई तर तेव्हा पंचविशीतच होती. काय खाल्लं, काय उचललं, कुठे गेली, यातलं काही कारण नसतं. आईला लोकांनी हे सगळं विचारलं, आणि तिने वर्षानुवर्षं ते मनाला लावून घेतलं. जिथे मियॉसिस शिकवतात तिथे हे दोन वाक्यांत तरी सांगावं असं मला फार वाटतं.

कोरी_वही
रानवाट, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. ते मध्येच थांबणं माझ्या पुस्तकात एका ओळीत उरकलंय, त्यामागे इतकं काही असेल असं वाटलंच नव्हतं.

प्रयोगवही, तुमचा गठ्ठ्यांचा हिशेब मी खेचरावर लावून बघितला, बरोबर आहे का सांगा. घोड्याची ६४ म्हणून त्याच्याकडून ३२, गाढवाची ६२ म्हणून ३१, खेचराला ६३. मायटोसिसला जोडीदार लागतच नाही, प्रत्येक गठ्ठ्याची झेरॉक्स काढली आणि पिन काढली की झालं, म्हणून खेचर छान वाढतं, ओझी वाहतं. पण मियॉसिसला जोडी लागते आणि ६३ विषम आहे, एकाला जोडीदार उरत नाही, म्हणून खेचराला पिल्लं होत नाहीत. असंच ना?

प्रयोगवही
मायटोसिसचा भाग एकदम बरोबर. मियॉसिसला जोडी लागते हेही बरोबर. फक्त विषम आकड्यावर सगळं टाकू नका. मंगोलियातल्या रानघोड्याची गुणसूत्रं ६६ आणि पाळीव घोड्याची ६४, त्यांच्या पिल्लाला ६५ येतात, म्हणजे हीसुद्धा विषमच, तरी त्या पिल्लाला पुढे पिल्लं होतात. कारण तिथे फरक एवढाच आहे की रानघोड्याच्या दोन वह्या पाळीव घोड्यात एकत्र बांधलेल्या आहेत, मजकूर तोच, त्यामुळे ती एक जाड वही आणि त्या दोन बारीक वह्या मिळून तिघी नीट जुळून उभ्या राहतात. घोडा आणि गाढव यांच्यात पानांचा क्रमच ठिकठिकाणी इतका बदललाय की ज्यांना जोडीदार आहे असं आपण म्हणतो त्यांनाही तो धड ओळखता येत नाही.

कोरी_वही
म्हणजे मोजायच्या गाठी, पण जुळायला मजकूर लागतो. वहीत लिहून ठेवलं.