फेस गेला म्हणजे डिटर्जंट गेलं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी तीन बाटल्यांत तळ्याचं पाणी भरलं आणि प्रत्येकीत चिमूटभर धुण्याची पावडर विरघळवली. पहिली उघडी, रोज हलवायची. दुसरीतलं पाणी आधी उकळून गार केलेलं. तिसरी तळाशी गाळ घालून, काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून अंधारात.

दहाव्या दिवशी पहिली हलवली तर दोन-चार बुडबुडे आले नि फुटले. उकळलेल्या पाण्यावर बोटभर फेस तसाच! तिसरीचं बूच काढताच कुजका वास आला, पण फेस तिथेही होता.

वाचून एवढं समजलं: बहुतेक पावडरींत लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट हे मळ काढणारं, फेस आणणारं रसायन असतं. जीवाणू त्याच्या सरळ कार्बनसाखळीच्या टोकाला ऑक्सिजन जोडतात आणि मग दोन-दोन कार्बन तोडत आत येतात. १९६० च्या दशकापर्यंत ही साखळी फांद्यांची असे, ती जीवाणूंना तोडता येईना, म्हणून नद्यांवर फेसाचे थर साचत. तिसऱ्या बाटलीत ऑक्सिजनच नव्हता, तेही पटलं.

माझं अडतंय ते पहिल्या बाटलीपाशी. साखळी आखूड झाली की फेस थांबणारच. पण साखळीला जोडलेलं, सल्फोनेट चिकटलेलं बेंझिनचं कडं? ते पाण्यातच असेल का? मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाने पाण्यातलं डिटर्जंट ओळखायची चाचणी करू का? लेकीने तक्त्यावर ‘डिटर्जंट नष्ट झाले’ असं लिहिलंय, आणि ते खोटं ठरू नये असं मला मनापासून वाटतं.

उत्तर

ताई, शंका अगदी रास्त आहे. मिथिलीन ब्लूला आखूड तुकडे जवळजवळ दिसतच नाहीत, त्यामुळे ती चाचणी फेसाइतकंच सांगेल. शिवाय त्यात क्लोरोफॉर्म लागतं, घरी नकोच. कडं फोडणारे जीवाणू असतात, पण ते काम मागाहून होतं. म्हणून प्रयोगशाळेत २८ दिवस थांबून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड मोजतात. अपेक्षित प्रमाणाच्या ६० टक्के मिळाला तर पदार्थ सहज विघटनशील धरतात. घरी त्यासाठी चुन्याची निवळी वापरावीशी वाटेल, पण पावडरीतला धुण्याचा सोडा तो वायू पाण्यातच धरून ठेवतो, निकाल फसवा येईल. आणि पावडरीत फॉस्फेट असेल तर ते कुठेच जात नाही, शेवाळाचं खाद्य होतं.

तक्त्यावर ‘फेस आणण्याचा गुण गेला’ असं लिहा. आणि बिनपावडरीच्या तळ्याच्या पाण्याची चौथी बाटली आजच भरून ठेवा, तुलनेला ती लागेलच.