पिर्के आवोत कसं वाचायचं? मला तर नुसते सुविचार वाटतायत

वाचनवेडा:
मंडळी, जुन्या ज्यू रब्बींच्या नीतिवचनांचं हे पुस्तक घेतलंय, दोन अध्याय झाले पण शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारांसारखं वाटतंय, अमका म्हणाला, तमका म्हणाला, पुढे चला. कुणी नीट अभ्यास केलाय का?

निवांत_७७:
सुविचार म्हणून वाचलंत तर कंटाळा येणारच. हा मिश्नाचा भाग आहे, म्हणजे इ.स. 200 च्या सुमारास येहुदा हानासीने लावलेल्या कायद्याच्या संग्रहाचा, आणि तोही नुकसानभरपाई, कोर्टकचेरी ह्या विभागात बसवलेला. म्हणून तर पहिल्याच वचनात ‘निवाडा करताना घाई करू नका’ येतं. गुरू शिष्यांशी बोलतायत, त्यातले काही उद्या न्यायाला बसणार, हे धरून वाचा. दुसऱ्या अध्यायात योहानान बेन झक्काय पाच शिष्यांना विचारतो की माणसाने काय धरून राहावं, ते परत बघा. एक म्हणतो चांगली नजर, एक चांगला मित्र, एक चांगला शेजारी, एक पुढचं ओळखणं, आणि एलाझार बेन अराख म्हणतो चांगलं मन. गुरू म्हणतो ह्याचं उत्तर मला पटलं, तुमची सगळ्यांची त्यात आली. बाकीच्या चौघांना चूक म्हणत नाही, हे बघण्यासारखं आहे.

आडवाट:
पाचवा अध्याय आधी वाचा माझं ऐकाल तर!! ‘माझं ते माझं, तुझं ते तुझं’ म्हणणारा माणूस कसा? तर मधला, आणि लगेच पुढे, काहीजण म्हणतात ही सदोमची रीत. सदोम म्हणजे पापासाठी बेचिराख झालेलं शहर! आपण ज्याला सरळमार्गी म्हणतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्याला थेट तिथे नेऊन बसवलंय, आणि दोन्ही मतं शेजारी शेजारी तशीच ठेवलीत, निकाल नाही.

वाचनवेडा:
हे भारी आहे, पण सदोम जरा जास्तच नाही का? कुणाचं काही घेतलं तर नाही ना त्याने.

आडवाट:
दिलंही नाही ना कुणाला काही.

निवांत_७७:
भांडा, पुस्तक त्यासाठीच आहे 😄 आणि एका दमात संपवू नका. पेसाह ह्या ज्यू सणानंतर दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, दुपारी एक अध्याय अशी जुनी पद्धत आहे, सहावा अध्याय नंतर जोडला तो त्यासाठीच, पेसाह ते शावुओत ह्या पुढच्या सणापर्यंत सहा शब्बाथ येतात म्हणून. मूळ हिब्रू आणि शेजारी इंग्रजी सेफारिया ह्या वेबसाइटवर फुकट आहे, भाष्य हवं असेल तर मायमोनिदीस ह्या मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञाचं घ्या, त्याची आठ प्रकरणांची प्रस्तावना मात्र आधी वाचा.